सावलीत काळी, उन्हात जांभळी

बांगडी फुटली आसं आमच्यात कवा म्हनत न्हाईत. वाढली म्हनायचं. भरताना काच्‌कन आवाज आला की समद्या बायका माझ्या तोंडाकडं बगायच्या, आनि मी हसून म्हनायची, "वाढली गं!" की त्याबी हसायच्या. चाळीस वरसं मी ह्योच धंदा केला. आता गुडघं ऐकत न्हाईत म्हनून बसले. मला लिवता येत न्हाई, सहीपुरतं नाव येतं. शेजारच्या मास्तरीनबाई लिवून घेत्यात आनि मी बोलतीय. बोलायला मला कुनी शिकवाया लागलं न्हाई.

माझं नाव हलिमा. उंब्रजच्या मनेराची, बांगडीवाल्याची सून. म्हायेर माझं आटपाडीकडचं. तिकडं लहानपनी मी दोनच रंग बगितलं, येक मातीचा आनि येक बाभळीचा. लगीन होऊन हितं आले आनि सासूनं बांगड्यांच्या पेटीचं झाकन उघडलं, तवा मी खुळ्यागत बगतच बसले! डाळिंबी, मोरपंखी, अंजिरी, अबोली, गुलबक्षी, चिंतामनी. नवऱ्याचं त्वांड मी दुसऱ्या दिवशी नीट बगितलं. पैल्या दिवशी निस्त्या बांगड्या बगितल्या.

सासू लय हुशार बाई. तिनं मला धंदा शिकिवला. हात बगून माप कसं सांगायचं, सव्वादोन का अडीच, ते शिकिवलं. बाईच्या बोटांची पेरं कशी मिटवायची, आंगठा तळहाताकडं कसा दुमडायचा, बांगडी फिरवत फिरवत कशी सरकवायची. हातावर जोर करायचा न्हाई, बोलन्यावर करायचा. बाईला गप्पात घालायचं, "सासू कशी हाय? म्हस व्याली का?" आनि ती बोलाया लागली की हात सैल पडतो, तेवढ्यात बांगडी मनगटावर! आनि वरनं म्हनायचं, "दुखत न्हाई गं, दुखत न्हाई." हे वाक्य मी आयुष्यात किती येळा म्हनलं आसन, आल्लाला ठावं.

आनि माल घेताना दुकानात रंग बगायचा न्हाई. भाईर यायचं, बांगडी उन्हात धरायची, फिरवायची, मंगच घ्यायची. सासू त्यात कवा चुकायची न्हाई. पन तिच्या पेटीच्या तळाला कागदात गुंडाळलेली बांगड्यांची येक माळ हुती. तिला ती हात लावू द्यायची न्हाई. "ते नगं बगू, त्यो माझा गाढवपना हाय," म्हनायची. मीबी कवा उघडली न्हाई. सासू गेली तरी माळ तशीच तळाला पडून.

मालक तापात गेले. पोरं दोन, येक मांडीवरचं. हातातल्या बांगड्या मीच काढून ठिवल्या, आनि दिवस सरल्यावर खांद्यावर बोचकं घिऊन गावं धरली. तवा खरी गंमत कळली. ज्या बाईच्या सोताच्या हातात बांगडी न्हाई, तिच्याकडनं सवाष्नी भरून घेईनात. तोंडावर कुनी बोलायचं न्हाई. "आज नगं, परवा ये," म्हनायच्या. परवा गेलं की दार लावलेलं आसायचं. सात गावं फिरले, पायाला फोड आलं, बोचकं जसं नेलं तसं आनलं. रडले न्हाई. रडून बोचकं हलकं व्हतंय व्हय?

आठवं गाव नदीच्या अंगाला. तिथं सुभेदाराचं घर, ऊसवालं. सुभेदार तवा फौजेत, घरात त्यांची बायकू. समदी तिला आक्का म्हनत्यात. माझ्याच वयाची, पन आवाज आसा की बैलबी जागेवर हुबा ऱ्हावा. माझ्या रिकाम्या मनगटाकडं बगितलं, आनि सोप्यात बसकन मारून दोनी हात पुढं केलं.

"भर."

मी म्हनले, "आक्का, माझ्या हातात—"

"तुझ्या हातात काय हाय ते मला कशाला सांगतीस? माझ्या हातात घाल. आनि घट घालशील तर बग, वरडीन!"

शेजारच्या बायका भिंतीवरनं बगत हुत्या. आक्कानं भरल्या म्हनल्यावर संध्याकाळपतुर निम्म्या गावानं भरल्या. मंग शेजारच्या गावानं. माझी पोरं त्या दाराच्या जीवावर मोठी झाली, हे मी कुनापाशीबी सांगते, लाजत न्हाई.

तर आता पाखराचं सांगते.

आक्काची नात शीतल शिरवळला कंपनीत नोकरीला. शिकलेली, पगारवाली, पन जिद्द आक्काचीच. तिचं लगीन ठरलं चैताचं. दिवाळीला घरी आली तवा मी तिथंच हुते. मला बगून म्हनली, "चाची, चुड्यात मला येक बांगडी येगळ्या रंगाची पायजे."

आक्का म्हनली, "चुडा हिरवा आसतो. येगळा न्हाई आन् बिगळा न्हाई."

"येकच गं आज्जी! आपल्या जास्वंदीवर उन्हाळ्यात त्ये पाखरू येतं न्हवं, बारकं, वाकड्या चोचीचं? त्याचा रंग पायजे. लहानपनापासनं बगतीय मी त्याला."

"कसला रंग हाय?" मी इचारलं.

"जांभळा. म्हंजी निळा. म्हंजी, जरा हिरवापन हाय. तुमी बगाच चाची."

आता माझ्या तोंडाला कुलूप आसतं तर बरं झालं आसतं. मी ठोकून दिलं, "ह्या दुनयेत आसा रंग न्हाई जो हलिमानं बांगडीत बगितला न्हाई. आनते!"

आक्का मोठ्यांदा हसली. "आन की! न्हाई आनलास तर चुडा कराडच्या दुकानातनं भरून आनीन. त्यांच्यात म्हनं एसीत बसवून भरत्यात."

ती हसत म्हनली, पन त्यात खरंबी हुतं. दुकानं आल्यापासनं गावं येकेक करून सुटलीच हुती. पोरी आता धातूच्या घालत्यात, सोताच्या सोता. ह्ये येक दार उरलं हुतं. त्या घरचा चुडा दुसऱ्यानं भरला, तर मंग मी कशाची मनेरीन?

झालं, मी पाखरू धुंडायला लागले. जास्वंद हाय आक्काच्या दारातल्या पान्याच्या टाकीजवळ. आठवड्यातनं दोन येळा उंब्रजवरनं यायचे आनि टाकीच्या कट्ट्यावर बसायचे. लोकांना वाटलं म्हातारी भरमली. पाखरू आलं तर काय! पोटाला मळकं पिवळं, पाठीला धुळीचा रंग, आनि गळ्यापासनं पोटापतुर येक काळी रेघ, जशी कुनी नवीन पेननं वढली. जांभळ्याचा पत्ता न्हाई. दुसरं येक आलं ते निस्तं पिवळं, बिनरेघंचं. चोच दोघांचीबी वाकडी. फुलाच्या बुडाला चोच खुपसायचं, रस वढायचं, आनि चिवचिवचिव, घरातलं भांडन चाललंय वाटावं.

सुभेदार तवर पेन्शनीत आलेले. आबा म्हनत्यात त्यास्नी. फौजेतली दुर्बीन त्यांच्या गळ्यात चोवीस तास, आनि हातात वही. त्यांना आसं काम म्हंजी सन!

"हलिमा, इकडं पोजिशन घे. आवाज नाय करायचा. टार्गेट फांदीवर हाय."

"आवं आबा, टार्गेट माझ्या नाकापुढं हाय, दुर्बीन कशाला?"

"नियम हाय. लिही." मंग त्यांना आठवायचं मला लिवता येत न्हाई. सोताच लिवायचे. "नंबर येक, काळ्या रेघंचं पाखरू. नंबर दोन, साधं पिवळं. नंबर तीन, जांभळं, गैरहजर. तीन जाती!"

पुस्तकबी हुतं त्यांच्याकडं. त्यातल्या चित्रावर बोट ठिवून म्हनले, "नंबर तीनचं नाव शिंजीर. जांभळा शिंजीर. ह्यो उन्हाळ्यात दुसरीकडनं येतो, आनि आला की ह्या दोघांना हाकलतो."

मी चित्र बगितलं. काळं ढुस्स. शाई सांडल्यागत. मी म्हनले, "आबा, हे तर काळं हाय. नवरीला काळी बांगडी? आक्का माझी मान मोडतील."

"पुस्तक चुकत न्हाई."

दोन महिने आसंच गेलं. कराडला, सांगलीला, जिथं म्हनून बांगड्या मिळत्यात तिथं हिंडले. शंभर जांभळ्या उन्हात धरल्या. शीतलला फोनवर इचारायचं, "वांग्यासारका?" "न्हाई चाची." "कोनफळासारका?" "न्हाई हो. तो हालतो. रंग हालतो त्याचा."

रंग हालतो! आता हालता रंग कुठनं आनू मी?

मंग शिमग्याच्या आधी येक दिवस सकाळी गेले तर आबांच्या मोटारसायकलच्या आरशाला मोजा घातलेला. खाकी, फौजेतला. दोन आरसं, दोन मोजं.

"आबा, गाडीला थंडी वाजती व्हय?"

"ते नंबर येक!" आबा चिडलेले. "रोज आरशावर येतंय, चोच मारतंय, घान करतंय. आपल्याच तोंडासंगं भांडतंय मूर्ख."

आनि मला काय सुचलं कुनाला ठावं, मी येका आरशाचा मोजा वढून काढला आनि गाडीशेजारी खाली बसले. आबा वरडत हुते, "हलिमा! माझी गाडी धुतलीया कालच!" पन मी हाललेच न्हाई.

आलं ते. माझ्यापासनं हातभर. आरशावर बसलं, आत बगितलं, आनि जी काय झटापट! फडफड, टकटक, चिवचिव. मी आसं जवळनं पैल्यांदाच बगत हुते. आनि माझ्या ध्यानात आलं की ह्ये नंबर येक न्हवंच. पोटाला पिवळं हुतं, व्हय, पन ठिगळं ठिगळं. पंखाजवळ पिवळं, छातीला काळं. डोसक्याला निम्मं धुळीचं, निम्मं काळं. जुना झगा उसवून नवा शिवत आनलाय आनि निम्म्यातच दारात आलंय जनू!

तेवढ्यात टाकीमागनं ऊन वर आलं. पाखरानं मान फिरवली.

बाई बाई बाई! त्ये काळं काळं हुतं का! जांभळं झालं, मंग निळं, मंग गळ्यापाशी हिरवं, मंग परत काळं. मान हालली की रंग हालला. मी हितं बसलेली म्हातारी, गुडघ्यातनं उठता येत न्हाई ती, टुन्नकन हुबी ऱ्हायले!

"आबा! आबा, तुमच्या तीन जाती न्हाईत! येकच नवरा-बायकू हाय! नंबर दोन बायकू. नंबर येक नवरा, घरच्या कापडातला. नंबर तीन बी त्योच नवरा, लग्नाच्या कापडात!"

आबांनी दुर्बीन लावली, काढली, पुसली, परत लावली. मंग पुस्तकाचं मागलं पान उघडलं. तिथं बारीक अक्षरात तेच लिवलेलं हुतं म्हनं. चार महिने त्यांनी निस्तं चित्र बगितलेलं.

आक्का दारातनं म्हनली, "म्हंजी नवरा वरसातनं दोनदा कापडं बदलतो, आनि बायकू बारा महिने येकाच लुगड्यात? पाखरांतबी फौजीच हायत म्हना की!"

आबांनी वहीतनं तीनचा आकडा खोडला, येक लिवला.

मी तशीच घरला पळाले. पळाले म्हंजी यष्टीनं गेले, पन मनात पळत हुते. कारन ह्यो रंग मी बगितला न्हवता, पन मला कळलं हुतं कुठं आसनार. सासूचा गाढवपना! रंगात कवा न चुकनारी बाई आसल्याच हालत्या रंगाला फसली आसनार. पेटी उघडली, तळाचा कागद सोडला. आतल्या बांगड्या काळ्या. दोरा कुजलेला, निम्म्या तर कागदातच वाढलेल्या. उरलेल्यातली येक घिऊन दारात उन्हात आले आनि फिरवली.

तेच पाखरू!

मंग समजलं सासूचं काय झालं आसन. तिनं नियमानं माल उन्हात बगितला, भुलली, घेतला. पन बायका बांगड्या भरत्यात कुठं? सोप्यात, सावलीत. तिथं त्या काळ्या. काळ्या बांगड्या कोन सवाष्न भरनार? बिचारीनं कागदात गुंडाळून ठिवल्या आनि मरेपतुर सोताला गाढव म्हनत ऱ्हायली. नऊ शाबूत निघाल्या, काई सव्वादोनाच्या, काई अडीचच्या. शीतलचा हात सव्वादोनाचा. मी दारात बसून येकटीच हसले, सासूला म्हनले, "आम्मा, तुमचा माल खपला बगा!"

आक्काला काय सांगितलं न्हाई. म्हनलं, चुड्यादिवशीच दावू, गंमत करू.

हळदीच्या आदल्या दिवशी बांगड्या. दारात मांडव, वर जाड कापड, खाली सतरंजी, भावकीतल्या बायका झाडून आलेल्या. शीतलला पाटावर बसवली. मी बिसमिल्ला म्हनले, हात धरला आनि येकेक हिरवी चढवाया लागले. हात सैल सोड गं, दुखत न्हाई. उजवा झाला, डावा झाला. आता चुड्यात येका हातात येक जादा आसती. ती भरनारीनं आपल्याकडनं घालायची आसती, तिचा रंग कुनी इचारत न्हाई. मला तेवढीच जागा हुती. मी पदरातनं सासूची बांगडी काढली, येका दमात सरकवली, आनि हसत आक्काकडं बगितलं.

मांडवात कुनी हसलं न्हाई.

मी खाली बगितलं. हिरव्यागार चुड्यात येक काळीभोर बांगडी.

सासूची चूक मी परत केली हुती. आख्खी. इतकं पाखराचं कळलं, पन मांडवाला वर कापड आसतंय ह्ये ध्यानात आलं न्हाई.

"काळी?" कुनीतरी म्हनलं. "नवरीला काळी घातली." मंग कुजबूज. मंग कुनीतरी जरा मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हनून, "तिच्या सोताच्या हातात न्हाई, तिला काय कळनार."

चाळीस वरसामागली सात गावं मला येकदम आठवली. आक्काचं त्वांड तांबडंलाल. "हलिमे," ती म्हनली, लय हळू. ती हळू बोलली म्हंजी काय ते मला ठावं हाय. "ही काढ. तोड."

बोलून काय हुनार? मी शीतलचं मनगट धरलं आनि तिला वढत मांडवाच्या भाईर काढली. पाट पालथा झाला, कुनाच्या तरी ताटलीतलं हळदकुंकू सांडलं, बायका वरडाया लागल्या, "आगं नवरीला कुठं नेतीस!" मी भर उन्हात नेऊन तिचा हात वर केला. पिरगाळलाच जनू.

आनि बांगडी पेटली. जांभळी, निळी, हिरवी, परत जांभळी. मांडवातल्या बायकांचा "आऽऽ" आसा आवाज निघाला, जत्रंत दारू उडल्यावर निघतो तसा.

"हीच!" शीतल नाचाया लागली. "आज्जी, हीच! ह्योच रंग!"

आबा दुर्बीन घिऊन धावत आले. चार हातांवर नातीचं मनगट, तरी दुर्बिनीतनंच बगितलं. "नंबर तीन," म्हनले. "हजर हाय."

आक्का आली. नातीचा हात धरला. येक पाऊल सावलीत नेला, काळी. येक पाऊल उन्हात आनला, जांभळी. परत सावलीत. परत उन्हात. पाच-सात येळा. मंग ती खुदकन हसली आनि हसता हसता खालीच बसली, आनि मीबी बसले, आनि दोघी म्हाताऱ्या हळदकुंकवात बसून डोळ्यातनं पानी येस्तवर हसलो.

मंग काय, समद्यांना तीच पायजे! आठ राहिलेल्या, मागनाऱ्या तीस. सात गेल्या. ज्या बाईनं माझ्या हातावरनं टोमना मारला तिनं तर दोनदा हात पुढं केला.

आठवी मी परत कागदात गुंडाळत हुते. आक्कानं ती काढून घेतली.

"आता तू बस."

"आवं आक्का, मला नगं. ह्या वयात. मानसं काय म्हनतील?"

"सावलीत काळीच हाय की. कोन काय म्हननार? उन्हात गेलीस की तुझं तू बग." आनि माझा हात धरला. "चाळीस वरसं तू माझा हात दाबतीस. आज मी दाबते."

तिला काय भरता येतंय! आंगठा दुमडायचा सोडून उलटा वढला, पेरं मिटवायची सोडून चिरडली. चाळीस वरसात मी तिला कवा आगंतुगं केलं न्हाई, पन तोंडातनं निघालंच, "आगं ये बये, सोड की! मोडतीस का हात!"

"गप बस. दुखत न्हाई."

शेवटी गेली आत. वाढली न्हाई. अजून हाय, ही बगा. मास्तरीनबाईंना घरात काळी दिसतीय, दारात चला म्हनजे दावते.

आनि येक लिवा बाई. ज्या ज्या बायकांच्या हातात मी बांगड्या भरल्या, उंब्रजपासनं पार नदीपल्याडच्या गावांपतुर, त्या समद्यांना माझ्या वतीनं हात जोडून सांगा. मी खोटं बोलत हुते. दुखतं. लय दुखतं.